ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि गवार

परवा संध्याकाळी बदलापूर लोकलमध्ये एका काकूंनी माझं पुस्तक माझ्याआधी संपवलं. वाचून नाही, फोन करून.

पुस्तक कुठलं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे काय हसायचं ते एकदाच हसून घ्या. स्टेफनी मेयरचं 'न्यू मून', 'ट्वायलाइट'चा दुसरा भाग, 2006 चा. हो, तेच व्हॅम्पायरवालं. हो, मी चाळिशी ओलांडलीये. भाचीने पहिला भाग बळंच हातात कोंबला, "मावशी तू फक्त पन्नास पानं वाच" म्हणाली, आणि मग रात्री दीड वाजता नवरा उठून विचारायला आला की बरं वाटत नाहीये का. दुसरा भाग भाचीकडे नव्हता, तिच्या मैत्रिणीने नेला तो नेलाच, म्हणून मी फोर्टच्या फुटपाथवरून सेकंडहँड उचलला. (पुस्तकं नेऊन परत न देणाऱ्या माणसांवर मला एक वेगळा लेख लिहायचाय, पण त्यात दोन सख्खे नातेवाईक येतात म्हणून अडलंय.)

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेला ही साधी मुलगी, एडवर्ड हा व्हॅम्पायर, गाव फोर्क्स, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात. तिथे सदा ढग आणि पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईपेक्षा जास्त आणि महाबळेश्वरच्या साधारण निम्मा. तेवढ्या पावसात त्यांना असलं प्रेम सुचतं, आपल्याकडे नुसतं ट्रॅकवर पाणी भरतं. तर दुसऱ्या भागात बेलाचा अठरावा वाढदिवस, गिफ्टचा कागद काढताना तिचं बोट कापतं, रक्ताचा एक थेंब, आणि एडवर्डचा भाऊ थेट तिच्यावर झेपावतो. झालं. साहेब ठरवतात की माझ्यामुळे तुझ्या जिवाला धोका, सबब मी निघालो. तिला जंगलात नेऊन खोटंच सांगतात की तू मला नकोयस, आणि सगळं खानदान घेऊन गाव सोडतात.

दुसऱ्या भागांचं हे एक ठरलेलं दुखणं आहे. पहिल्या भागात जुळवलेलं दुसऱ्यात मोडायचं, कारण दोघं सुखाने बसली तर पाचशेच्या वर पानं भरायची कशाने. आणि मोडायचं कसं, तर त्याने तिच्या भल्यासाठी, तिला न विचारता. तिच्या भल्याचा निर्णय, मीटिंगला ती सोडून सगळे हजर! आणि याला म्हणे रोमँटिक म्हणायचं. मी जाम चिडले होते, आणि मला तो राग शांतपणे, खिडकीची सीट धरून, एकटीने करायचा होता, बाकी काही मागणं नव्हतं माझं.

पण पुढे लेखिकेने एक भारी गोष्ट केलीये. तो गेल्यावर पान उलटलं की नुसतं 'ऑक्टोबर' असं लिहिलेलं, बाकी पान कोरं. पुढचं पान, 'नोव्हेंबर', कोरं. मग डिसेंबर. मग जानेवारी. बास, एक ओळ नाही. मी तिथे पोचले तेव्हा गाडी कुर्ल्याच्या अलीकडे कुठेतरी होती, माझ्या घशात आवंढा आलेला, पान उलटायला बोट होत नव्हतं, आणि कानाशी आवाज आला.

"छपाई राहिलीये."

शेजारी काकू. मांडीवर दादरच्या भाजीवालीची पिशवी, पिशवीवर स्टीलच्या डब्याचं झाकण, झाकणात निवडलेली गवार. चष्मा नाकाच्या टोकाला. हात एका लयीत चाललेले, देठ मोड, शीर ओढ, दोन तुकडे, झाकणात टाक, आणि डोळे माझ्या पुस्तकात. किती वेळ होते देव जाणे.

"नाही हो काकू, ते तसंच आहे."

"तसंच कसं असेल? कोरं पान आहे ते." आणि त्यांनी हिरव्या झालेल्या बोटाने स्वतःच पान उलटलं. "हे बघा, हेही कोरं. अगंबाई, हेही! चार पानं गेली की तुमची. केवढ्याला घेतलंत?"

"दीडशे."

"फुटपाथवरचं ना? बदलून आणा. आमच्या शेजारच्यांच्या मुलाने सीईटीचं गाईड आणलं होतं असंच, नुसते प्रश्न, उत्तरं गायब."

मी समजावायला गेले, हा माझा शिक्षकी पेशा मला एक दिवस खड्ड्यात घालणारे. म्हटलं काकू, तो सोडून गेलाय, ती एवढ्या दुःखात आहे की चार महिने तिला कशाची शुद्धच नाही, म्हणून लेखिकेने तिथे काही लिहिलंच नाही.

काकूंनी गवारीची एक शेंग विचारपूर्वक मोडली. "चार महिने अंथरुणात?"

"नाही, तसं शाळेत जाते. अभ्यास करते. दुकानात पार्टटाइम नोकरी पण आहे."

"आणि घरात कोण?"

"वडील. आई वेगळी राहते."

"मग त्यांना जेवायला कोण घालतं?"

"... तीच."

"म्हणजे रांधते, वाढते, शाळा करते, नोकरी करते," काकू सावकाश म्हणाल्या, "आणि त्या बाईला लिहायला काही सापडलं नाही?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, हे जास्त खुपतंय. साहित्यातला एक सुंदर क्षण होता तो, माझा होता, आणि त्यावर आता कायमची गवारीची शीर चिकटलीये. (खरीखुरीच. जानेवारीच्या पानावर हिरवा डाग आहे, या बघायला.)

तोवर समोरच्या सीटवरच्या दोघी आणि दोन सीटांच्या मधे उभी असलेली एक कॉलेजकन्या एवढ्या जणी सामील झालेल्या. मुलगा कोण, करतो काय, अशी रीतसर चौकशी सुरू झाली. मी सांगितलं, कारण न सांगणं फार उद्धट दिसलं असतं, की 1901 चा जन्म, 1918 च्या साथीत स्पॅनिश फ्लूने मरायला टेकला होता तेव्हा व्हॅम्पायर झाला, तेव्हापासून सतराचाच आहे.

"1901? म्हणजे आमच्या आजेसासऱ्यांच्या बरोबरीचा," काकू म्हणाल्या. "ते प्लेगातून वाचलेले. आणि आता काय करतो?"

"शाळेत जातो."

"अजून?"

"हो म्हणजे वय दिसत नाही ना, म्हणून गाव बदललं की परत शाळेत नाव घालतात."

काकूंनी समोरच्या दोघींकडे बघितलं. "शंभर वर्षांत बारावी निघाली नाही, आणि ही त्याच्यासाठी चार महिने कोरे सोडते."

मग जेकब आला. माझीच चूक नव्हती, मागच्या कव्हरवर त्याचं नाव होतं आणि कॉलेजकन्येने ते मोठ्याने वाचलं. जेकब हा बेलाच्या वडिलांच्या मित्राचा मुलगा, ती कुठून तरी दोन भंगार मोटरसायकली आणते त्या हा दुरुस्त करून देतो, तिला हसवतो, तिला माणसात आणतो. काकूंचा चेहरा असा उजळला की मला मॅट्रिमोनीचा फॉर्म दिसायला लागला. घरची ओळख! हाताला काम! वडील एकमेकांना ओळखतात! सोळाचा आहे, म्हणजे तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, एवढं एक वजा, पण "चालतं गं आजकाल" म्हणून तेही माफ झालं. आत्तापर्यंत 'अहो ताई' होते, या 'गं'पासून मी घरातली झाले. "तू बघच, हिने याच्याशीच केलं पाहिजे. थांब, आमच्या पिंकीला विचारते, तिने सगळे सिनेमे पाहिलेत."

मी म्हटलं काकू नको, प्लीज, मला वाचायचंय अजून. त्या म्हणाल्या, "अगं पण वाचायला किती वेळ लागेल, ती पटकन सांगेल." आणि स्पीकर लावला. कानाला नाही, स्पीकर, कारण हात गवारीत.

पिंकीने आधी "आई तू ट्रेनमधून हे काय विचारतेयस" केलं, पण दहा सेकंदांत तिच्यातली कॉलेजातली पिंकी जागी झाली आणि नंतर ती थांबेचना. जेकब लांडगा होतो. बेला कड्यावरून समुद्रात उडी मारते, एडवर्डला वाटतं ही मेली, म्हणून तो स्वतः मरायला इटलीला जातो, ही विमानाने जाऊन त्याला वाचवते. मी हातवारे करतेय, कान झाकतेय, लेडीज डब्यात कान झाकून काय होणार, तिथे पिनसुद्धा विकतात ओरडून. पिंकी तिसऱ्या भागात गेली. चौथ्यात गेली. लग्न एडवर्डशीच. मुलगी होते. आणि मग जेकबची त्या मुलीशी कायमची गाठ बसते.

काकूंचे हात थांबले. "कुठल्या मुलीशी?"

"बेलाच्या! ती जन्मते आणि त्याला कळतं की हीच ती. लांडग्यांचं असतं तसं. म्हणजे आत्ता नाही काही, ती मोठी झाल्यावर."

"तान्ह्या पोरीशी?"

"आई ते मॅजिक असतं."

"म्हणजे," काकू म्हणाल्या, आणि ठाणे आलं तरी आमच्या कोपऱ्यात कुणी दाराकडे सरकलं नाही, "ज्याला मी हिच्यासाठी बघत होते, तो हिचा जावई?"

डबा फुटला. उतरणाऱ्या बायका हसत उतरल्या, चढणाऱ्यांना त्यांनी दारातच सांगितलं, अंबरनाथपर्यंत नव्याने कुणी चढलं की पहिल्यापासून. काकू मात्र खरोखर दुखावल्या होत्या. उतरताना डबा पिशवीत घालत मला म्हणाल्या, "असली पुस्तकं नको वाचत जाऊ." मला! जशी काही मीच लांडगा.

ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनाही आता सगळं कळलं, सॉरी, पण मी एकटीनेच का सोसायचं. आणि प्लीज 'एवढ्या जुन्या पुस्तकाला कसला आलाय स्पॉयलर' हे मला कुणी सांगू नका, नवऱ्याने सांगून झालंय. पुस्तक जुनं असेल, मी नवीन होते ना. पुढे इटलीत व्होल्तेरा गावात बेला भर दुपारी चौकातून ऊर फुटेस्तोवर पळते, बाराचे टोल पडतायत, हा उन्हात पाऊल टाकणार की ती पोचणार, आणि मी वाचतेय पंख्याखाली पाय पसरून, कारण मला माहितीये की पोचते, लग्न होतं, मुलगी होते, जावई कोण तेही माहितीये.

राग काकूंचा नाहीये तेवढा. राग याचा आहे की मोबाइलमध्ये तोंड घातलेल्या बाईला या डब्यात कुणी काही विचारत नाही, स्वेटर विणणारीला फार तर टाके विचारतात, पण हातात पुस्तक दिसलं की ती बाई रिकामी. नवरा सांगतो त्यांच्या डब्यात एकच पेपर चौघं वाटून वाचतात, पण अग्रलेख वाचणाऱ्याला अजून कुणी "घरी जेवायला कोण घालतं" विचारलेलं नाही.

म्हणून काल कव्हर घातलं. खाकी कागद नव्हता घरात, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान घेतलं, आणि घडी घालताना गणपती नेमका पुढच्या बाजूला आला. ठीके म्हटलं, असू दे. कल्याणनंतर बसायला मिळालं, पुस्तक उघडलं, तर शेजारच्या बाईने लगबगीने पाय बाजूला घेतला, समोर रील मोठ्याने लावून बसलेल्या मुलीला आवाज कमी करायला लावला, आणि हळूच मला विचारलं, "कितवा अध्याय?"

मी बघितलं. व्होल्तेराचंच प्रकरण.

"विसावा," म्हटलं.

"एवढ्या गर्दीत नेम मोडत नाही, कौतुक आहे हो," असं म्हणून त्यांनी मला खिडकीची सीट दिली.