आधी वाक्य तर संपू दे!

मी एवढंच म्हणाले, "वेळ कमी आहे, म्हणून आधी..." झालं! "म्हणजे आमचं काम तुला टाकाऊ वाटतं?" अरे, कुठून काढलंस हे? माझं अर्धं वाक्य तोंडातच लोंबकळतंय आणि समोर न बोललेल्या वाक्याचं खंडन सुरू! न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या प्राचीन भारतीय शास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधायचा तो वाद, काहीही करून जिंकायचं तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडत बसायचं ती वितंडा. आमचा श्रीगणेशाच तिसऱ्यापासून! खंडनाआधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, नीट मांडायची रीतही जुनीच. पण त्यासाठी ऐकावं लागतं ना! वर शहाजोगपणे, "तू उगाच चिडतेस." हो, चिडतेच! आणि ते "आधी..."च्या पुढचं अजून राहिलंच आहे.