‘ध्यास’ हा ध्येय आणि श्वास यांचा जोडशब्द नाही

प्रेरणादायी मजकुरांतून एक छोटे टिपण बराच काळ फिरत आहे. त्याचा आशय असा : ‘ध्येय’ आणि ‘श्वास’ मिळून ‘ध्यास’ झाला, ध्यास लागत नाही, तो ठरवून घ्यावा लागतो, ध्यास चांगल्याचाच असतो, वाईटाचे ते वेड, आणि इंग्रजीतील ‘ऑब्सेस’ या क्रियापदाचा अर्थही हाच. चारही विधाने ऐकायला गोड आहेत, पण एकही टिकत नाही.

पहिले विधान व्युत्पत्तीचे आहे. ‘ध्येयश्वास’ यातून ‘ध्यास’ काढायचा, तर मधले ए, य्, अ, श्, व् हे पाच वर्ण कोणताही नियम न सांगता गाळावे लागतात. शिवाय ‘ध्येय’ हा शब्द स्वतःच ‘ध्यै’, म्हणजे चिंतन करणे, या संस्कृत धातूपासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘ज्याचे ध्यान करावे ते’ असा आहे. ‘ध्यान’ही त्याच घरातले आणि ‘ध्यास’ही, म्हणजे या सूत्राने बहिणीलाच आई करून टाकले आहे. राहिला शेवटचा ‘स’. त्यासाठी श्वासाकडे धाव घेण्याचे कारण नाही. ‘ज्ञा’पासून जिज्ञासा (जाणण्याची इच्छा) आणि ‘पा’पासून पिपासा (पिण्याची इच्छा) होते, तसाच ‘नि’ उपसर्ग लागलेल्या ‘ध्यै’पासून ‘निदिध्यास’ (चिंतन करण्याची इच्छा) होतो. आरंभीच्या अक्षराची द्विरुक्ती आणि पाठोपाठ इच्छा दाखवणारा ‘स’, हीच ती घडण. व्याकरणात या प्रत्ययाला ‘सन्’ म्हणतात. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी आपली पत्नी मैत्रेयी हिला आत्म्याविषयी श्रवण आणि मनन सांगून झाल्यावर ‘निदिध्यासितव्य’ हा शब्द वापरतो. मराठी संतवाङ्मयात त्याच निदिध्यासाचे ‘निजध्यास’ झाले. ऐकणाऱ्यांना त्यात ‘निज’ ऐकू आले असणार, तेव्हा ही लोकव्युत्पत्तीच. पण तिने निदान मूळ धातूला धक्का लावला नाही. आपल्या ‘ध्यासा’तला ‘स’ या इच्छेचा आहे, असे माझे मत आहे.

दुसरे विधान मराठीच्या रोजच्या बोलण्याशीच विसंगत आहे. ‘मला गाण्याचा ध्यास लागला’ या वाक्यात कर्ता ध्यास आहे आणि ‘मी’ चतुर्थीत जाऊन बसलो आहे, जसा तहान लागताना, वेड लागताना किंवा नाद लागताना बसतो. ही रचना चुकीची ठरवायची, तर तहानसुद्धा ठरवून घ्यावी लागेल! त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘घेणे’ हे क्रियापद आले की तेथे इच्छा असतेच, हे गृहीतकही खरे नाही. आई काही दिवस दूर गेली, मूल जेवेना, खेळेना, दाराकडे पाहत बसू लागले, की घरातले कोणीतरी म्हणते, ‘पोराने आईचा ध्यास घेतलाय.’ त्या पोराने काहीही ठरवलेले नसते. माणूस धसका घेतो, तोही ठरवून घेत नाही. ‘त्याने स्वच्छ पाण्याचा ध्यास घेतला’ या वाक्यात निश्चय जाणवतो, तो विषयामुळे आणि संदर्भामुळे. क्रियापदाने त्याची हमी दिलेली नाही.

तिसरे विधान आईसाठी झुरणाऱ्या पोराच्या उदाहरणानेच निम्मे गळते. ध्यास सूडाचाही असतो, पैशाचाही असतो. उलट ‘झपाटणे’ हे भुताखेताचे क्रियापद. तरीही झपाटून अभ्यास करणाऱ्याचे आपण कौतुकच करतो. तेव्हा चांगलेवाईट कशाचा ध्यास आहे यावर आणि किती आहे यावर ठरते. शब्दांची सोवळी-ओवळी वाटणी करण्याचा हा हट्ट मला शब्दकोशापेक्षा सुविचारांच्या फळ्याचा अधिक वाटतो.

‘ऑब्सेस’विषयी थोडक्यात. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘ऑब्सिदेरे’, म्हणजे समोर ठाण मांडून बसणे, वेढा घालणे. त्यातील ‘बसणे’ दाखवणारा भाग आपल्या ‘परिषद’, ‘संसद’ यांतील ‘सद्’ धातूचा नातलग आहे, ध्यैचा नव्हे. जुन्या ख्रिस्ती धर्मशास्त्रात तर दुष्ट शक्ती माणसाच्या आत शिरली की ‘पझेशन’ आणि बाहेरून छळत राहिली की ‘ऑब्सेशन’, असा भेद केलेला आहे. माणूस तेथे वेढला जाणारा असतो, चिंतन करणारा नसतो. म्हणून या क्रियापदाला मराठीत जोड शोधायचीच असेल, तर ‘ध्यास घेणे’ यापेक्षा ‘पछाडणे’ कितीतरी जवळचे आहे.