कॉफी म्हणजे निव्वळ अल्पोपाहार नव्हे
एपिस्कोपल चर्चमधील (अँग्लिकन परंपरेतील अमेरिकी चर्चमधील) रविवारच्या उपासनेनंतरच्या कॉफीला एका लेखात ‘निव्वळ अल्पोपाहार’ म्हटले आहे, ते मला मुळीच पटले नाही. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात वाढलेली मी न्यू जर्सीत आले, तेव्हा पहिले तीन रविवार मागच्या बाकावरून उठून मुकाट्याने घरी गेले. चौथ्या रविवारी एका वृद्ध बाईंनी मला हॉलमध्ये नेले, हातात कॉफीचा कागदी पेला दिला आणि नाव लिहायला कोरा बिल्ला पुढे केला.

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या (ॲश वेन्सडे) आदल्या संध्याकाळी, उपवासापूर्वी घरातील अंडी, दूध, लोणी संपवण्याच्या जुन्या रीतीतून आलेल्या पॅनकेकच्या जेवणासाठी, त्याच बाईंशेजारी उभे राहून मी पीठ फेटले. आजारी कोण आहे आणि सोमवारी डबा कोणाकडे पोचवायचा, हे आमच्याकडे त्या कॉफीच्या टेबलापाशीच ठरते.