मामांची गोळी आणि माझा ग्राफ

काल माझ्या ग्राफवर दोनच ठिपके आले. एक शून्य मिनिटाचा, दुसरा चौदाव्या मिनिटाचा. मधले सगळे मामांनी खाल्ले.

काम तसं साधंच. ओमेप्राझोल, म्हणजे ॲसिडिटीचं औषध, 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये (पोटात असतं तेच ॲसिड) टाकायचं, 37 डिग्रीला, आणि दर दोन मिनिटांनी एक मिली काढून सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये सोडायचं, की रिॲक्शन तिथंच थांबते. हे औषध ॲसिडात काही मिनिटंच तग धरतं, म्हणून सगळा जीव स्टॉपवॉचवर. पहिलं सॅम्पल काढलं आणि अटेंडर मामा आले.

"काय करालीस गं पोरी?"

"ओमेप्राझोल," मी म्हणाले, हीच चूक.

"अगं, ती तर माझी गोळी!" म्हणत स्टूल ओढून बसलेच. कॅप्सूल घशात अडकते म्हणून मामा ती उघडतात, आतले बारीक मणी खलबत्त्यात कुटतात आणि लिंबू सरबतातनं घेतात, ते पण जेवणावर कुंदा खाऊन झाल्यावर! "तरी बी छाती जळतीच की. डॉक्टरच बोगस हाय."

मला राहवलंच नाही. म्हटलं मामा, त्या मण्यांना कोटिंग असतं, ते पोटातल्या ॲसिडात विरघळत नाही, आतड्यात विरघळतं, म्हणून औषध तिथवर शाबूत पोचतं, आणि तुम्ही तेच कुटालाय, मग तुमच्या पोटात हेच होतं, हे बघा. फ्लास्कमधलं पाणी एव्हाना जांभळट तपकिरी झालं होतं.

मामा वाकून बघत राहिले. "एवढं सगळं माझ्या पोटात?"

आणि स्टॉपवॉचवर 13:40.

सर कन्नडमध्ये बोलले. आमच्या बेळगावात रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा, बोलणी कन्नडमध्ये खायची आणि रडायचं मराठीत. त्यांचं म्हणणं, दोन ठिपक्यांतनं कुणीही सरळ रेषा काढेल, R स्क्वेअर (रेषा ठिपक्यांना किती जुळते तो आकडा) 1 येणारच, त्यावरनं हाफ लाइफ, म्हणजे औषध निम्मं व्हायचा वेळ, काय काढतीस? बरोबरच आहे. पण मामांना कोण बोलणार, ते सरांच्याही आधीपासून इथं आहेत. शुद्ध पावडर मी कितीजणांच्या हातापाया पडून मिळवलेली, आता बाटलीच्या बुडाशी चिकटलीय तेवढीच. फी मात्र पूर्ण वर्षाची घेतात, ठिपक्यांवर नाही.

आज परत स्टॉपवॉच लावला. मामा दारातच उभे. जेवायच्या अर्ध्या तास आधी, न कुटता घेतली म्हणे.

"बरं वाटालंय गं. आता हिच्या बीपीच्या गोळीचं बी बघतीस काय?"