काका, प्रेशर आलं का?

सोनोग्राफी सेंटरमध्ये तुमचं वय, हुद्दा, सोसायटीत तुम्ही चेअरमन आहात की सेक्रेटरी, ह्यातलं काही चालत नाही. तिथे सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात आणि तोही अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. "काका, प्रेशर आलं का?" विचारणारी काउंटरवरची मुलगी आपल्या मुलीपेक्षा लहान असते, कॉम्प्युटरवरची नजरही वर करत नाही, आणि जो विषय आपण घरी "जरा जाऊन येतो" एवढ्यावर भागवत आलो त्याची सद्यस्थिती आपल्याला भर सभेत जाहीर करावी लागते.

माझी कूस दुखत होती. आता कूस दुखली की पुण्यात उपचार डॉक्टरकडे जायच्या आधीच सुरू होतात. सासूबाईंनी फोनवरून कुळथाचं कढण सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी स्वतःच्या कुंडीतली पानफुटीची पानं आणून दिली, ऑफिसातल्या एकाने बिअर सांगितली आणि ह्या तिन्हीतला कुठला उपाय मी मनापासून करणार हे बायकोच्या लगेच लक्षात आलं, त्यामुळे संध्याकाळी आम्ही फॅमिली डॉक्टरांसमोर. त्यांनी दोन ठिकाणी दाबलं, एका ठिकाणी मी ओरडलो, ते "हं" म्हणाले आणि चिठ्ठीवर पोटाची सोनोग्राफी लिहिली, खाली "विथ पीव्हीआर". पन्नाशीनंतर पुरुषांना हे जास्तीचं मिळतं, ते काय प्रकरण आहे ते येईलच पुढे.

सूचना अशा की सहा-आठ तास पोटात अन्न नको, पण येताना लिटरभर पाणी पिऊन यायचं आणि जायचं नाही. आधी मला वाटलं छळायचा परवाना मिळालाय म्हणून छळतात, पण तसं नाहीये. सोनोग्राफीत जो आवाज आत सोडतात (आपल्याला ऐकू न येणारा, लाखो हर्ट्झवाला) तो हवा लागली की तिथूनच परत फिरतो. आतड्यात गॅस असला की त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. भरलेली लघवीची पिशवी आतड्यांना बाजूला सारते आणि पाण्यातून आवाज सरळ जातो म्हणून खालचे अवयव स्वच्छ दिसतात. आणि उपाशी का, तर जेवलं की पित्ताशय आकसतं, मग त्यातले खडे कुठे शोधणार. हे सगळं पटलं हो, फक्त ज्यांनी हा शोध लावला त्यांनी पेशंटला किती वेळ बसवून ठेवायचं ह्याचाही काहीतरी शोध लावायला हवा होता.

कारण नंबर लागतच नाही. गरोदर बायकांना आधी घेतात, घ्यायलाच पाहिजे. मग एक इमर्जन्सी येते, मग कोणीतरी डॉक्टरांचे ओळखीचे "फक्त दोन मिनिटं" म्हणून आत जातात आणि आत त्यांचा मुक्काम पडतो. हॉलमध्ये एक्स-रेवाले कोण आणि सोनोग्राफीवाले कोण हे सांगावं लागत नाही. एक्स-रेवाले पेपर वाचतात. सोनोग्राफीवाले उभे असतात, खांबाला टेकून, नजर शून्यात, आणि कोणी पाण्याच्या कूलरचा नळ सोडला की सगळे एकदम तिकडे खुन्नसने बघतात.

भिंतीवर वाचायला भरपूर असतं, पण सगळ्यात ठळक बोर्ड एकच: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ह्या बाबतीत आपला महाराष्ट्र पहिला बरं का, १९८८ साली आपण राज्याचा कायदा केला, देशाचा आला १९९४ मध्ये. आता मशीनची नोंदणी, गरोदर बाई आली की तपासणीच्या नोंदीचा एफ फॉर्म, सगळं चोख ठेवावं लागतं आणि ते झालंच पाहिजे, त्यात विनोद नाही. शेजारी फ्रेममध्ये एका हाताचा एक्स-रे होता, बोटात अंगठी. टेक्निशियन मुलगा म्हणाला, रोंटगेनसाहेबांच्या मिसेसचा हात, १८९५ चा. जर्मनीत वुर्झबुर्गला त्यांना हे किरण सापडले आणि त्यांनी पहिल्याप्रथम बायकोचा हात त्यात घातला. फिजिक्सचं पहिलं नोबेल त्यांनाच, १९०१ ला, आणि पेटंट काही घेतलं नाही, म्हणे सगळ्यांना वापरता यावं. त्या फ्रेमच्या बरोब्बर खाली सेंटरचं रेटकार्ड लावलं होतं. ते मी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि पुन्हा एकदा साहेबांच्या मिसेसच्या हाताकडे बघितलं.

बायको मात्र निवांत. तिची मागच्या वर्षी एमआरआय झाली आहे त्यामुळे ती सोनोग्राफीला आजारात धरत नाही. तेव्हा एमआरआयची वेळ झाली आणि जोडवी निघेनात. लग्नात घातलेली, बोटं बदलली, जोडवी तीच. खरं तर चांदीला चुंबक ओढत नाही, मी तसं म्हणूनही बघितलं, पण ते मशीन दीड टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाच्या तीसेक हजार पट, आणि रात्री सेंटर बंद झालं तरी ते चुंबक चालूच असतं, त्यामुळे सिस्टर म्हणाल्या धातू म्हणजे धातू, वाद नको. मग मी बेसिनवरचा लिक्विड सोप आणला, जमिनीवर बसलो आणि बायकोचा पाय मांडीवर घेऊन जोडवं फिरवतोय, ती "हळू हळू" करतेय आणि बाजूच्या आजी आपल्या सुनेला सांगतायत, बघ गं, ह्या वयात पण किती करतात. जोडवं सुटलं ते थेट आजींच्या बाकाखाली. आत गेल्यावर त्या नळकांड्यात जो ठोकठोकाट चालतो त्याबद्दल हिने बाहेर येऊन एवढंच सांगितलं की वरच्या फ्लॅटवाल्यांचं फरशीचं काम चालू होतं ना, ते आणि बरोबर कानात हेडफोनवर कोणाचं तरी भजन.

असो. शेवटी माझं नाव पुकारलं. आत अंधार, एसी फुल, आणि रेडिओलॉजिस्ट स्क्रीनकडे तोंड करून बसलेले. मी नमस्कार केला, त्यांनी माझ्या पोटाला जेल लावला. जेल थंडगार, आणि भरलेल्या पिशवीवर थंड जेल काय करतो ते ज्याचं त्याला माहीत. मग तो प्रोब त्यांनी बरोब्बर तिथेच दाबला. "दुखलं तर सांगा." डॉक्टर, दुखण्याचा प्रश्नच नाहीये, प्रश्न वेगळा आहे. "श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा." इथे मी फक्त श्वासच सुटेल ह्याची काळजी घेत होतो.

आणि मग सुरू झालं खरं टॉर्चर. डॉक्टर कोपऱ्यातल्या टायपिस्ट मुलीला इंग्रजीत डिक्टेट करायला लागले. मिलिमीटर, सेंटिमीटर, राइट, लेफ्ट, मध्येच एक "हं". हा "हं" कसला? फॅमिली डॉक्टरांचा "हं" वेगळा होता. एका जागी ते थांबले, पुन्हा तिथेच फिरवला, चित्र गोठवलं, दोन फुल्या मारून अंतर मोजलं. म्हणजे माझ्या पोटात काय आहे ते डॉक्टरांना माहीत, त्या टायपिस्ट मुलीला माहीत, दार उघडून "सर, पुढचा घेऊ का" विचारणाऱ्या मावशींनाही अंदाज आलेला, फक्त पोट ज्याचं आहे तोच अंधारात. मी विचारलं, "डॉक्टर, काही आहे का?" तर म्हणाले, "तुमचे डॉक्टर सांगतील." अहो, गर्भाचं लिंग सांगायला बंदी आहे हे बाहेर बोर्डावर वाचलं मी, पण मूतखड्याबद्दल सांगायला कुठला कायदा आडवा येतो? तसं विचारलंच मी. तेव्हा पहिल्यांदा ते माझ्याकडे वळून हसले. म्हणाले, "मला फक्त सावल्या दिसतात काका, तुम्हाला काय होतंय ते त्यांना माहितीये. मी इथे एक शब्द बोललो की तुम्ही जिना उतरेपर्यंत तो गुगल करता." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण फोन हातातच होता.

"आता जाऊन या. पूर्ण रिकामं करून या, परत बघायचंय." हे ते पीव्हीआर. मुक्त केल्यावर आत किती शिल्लक राहतं ते मोजतात, प्रोस्टेट (पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी) वाढलेली असली की शिल्लक जास्त. मी अंगावर जेल, शर्टाची बटणं उघडी अशा अवतारात धावलो तर टॉयलेट एकच आणि आतून कडी. बाहेर माझ्यासारखेच एक गृहस्थ उभे. आम्ही एकमेकांकडे बघितलंही नाही. पुढची काही मिनिटं मी कुठलाही धर्म स्वीकारला असता.

परत गेलो, त्यांनी मोजलं, म्हणाले "शिल्लक नगण्य." इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

रिपोर्ट तासाभरात आला. वर सेंटरच्या नावाचं भलंमोठं पाकीट आणि आत दोन पानं. बायकोने रिक्षातच मोठ्याने वाचायला घेतलं. किडनीत चार मिलिमीटरचा खडा. प्रोस्टेट किंचित वाढलेली. लिव्हर ब्राइट. ब्राइट म्हटल्यावर मला बरं वाटलं, पण पुढे ग्रेड वन फॅटी लिव्हर लिहिलेलं, म्हणजे चरबीमुळे किडनीपेक्षा लिव्हर जास्त पांढरं दिसतंय. आणि पुढची ओळ: आतड्यातल्या गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसू शकलं नाही. ही ओळ तिने दोनदा वाचली, दुसऱ्यांदा रिक्षावाल्यासाठी. म्हणाली, "सरकारी कागदावर आलं एकदाचं." मी म्हटलं हा सरकारी कागद नाहीये. "लॅमिनेट करू," म्हणाली. शेवटी ते नेहमीचं वाक्य, लक्षणांशी ताडून पाहावे, म्हणजे चेंडू परत फॅमिली डॉक्टरांकडे.

फॅमिली डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरलीही नाही. खालच्या चार ओळी वाचल्या, म्हणाले चार मिलिमीटरचे खडे बहुतेक आपोआप पडतात, भरपूर पाणी प्या, लिव्हरसाठी वजन कमी करा आणि चालायला लागा. भरपूर पाणी हा शब्द ऐकताच माझा चेहरा कसा झाला ते त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "जाता येईल हो आता, कधीही."

संध्याकाळी खाली कट्ट्यावर बातमी पोचलेलीच होती. मी जरा गंभीर चेहरा करून सांगितलं, फॅटी लिव्हर निघालंय. समोरच्या विंगमधले काका म्हणाले, "कुठलं?" म्हटलं ग्रेड वन. "हात्तिच्या!" ते म्हणाले, "आमचं टू आहे," आणि वहिनींनी आणलेल्या बटाटेवड्यांची ताटली आधी स्वतःकडे ओढून मग माझ्याकडे सरकवली.