‘पंच्याहत्तरी झाली, आता टीव्हीची फी भरू नका’ हा मेसेज खोटा आहे

गेल्या महिन्यात लेस्टरहून मावशीचा फोन आला. “अगं, मला कोर्टात उभं करतील का?” मावशी ७८ वर्षांची आहे. सत्तरच्या दशकात नर्स म्हणून इंग्लंडला आली, आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या, एक बिल कधी थकवलं नाही. काका गेल्यापासून फ्लॅटमध्ये एकटीच असते. भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक मराठी मेसेज वाचून तिने टीव्ही लायसन्सचा, म्हणजे ब्रिटनमध्ये टीव्ही बघण्यासाठी भरायच्या आणि बीबीसी ज्यावर चालते त्या फीचा, बँकेतून जाणारा हप्ता बंद केला. आता दारात लाल अक्षरांतली पत्रं पडायला लागली आहेत आणि बाईची झोप उडाली आहे.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मला तो नंतर पुण्याहून आणि दुबईहूनही आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ब्रिटनमध्ये टीव्ही बघायला सरकारला खंडणी द्यावी लागते. बीबीसी न बघणाऱ्यालाही सोडत नाहीत. फी भरली नाही तर तुरुंग. कोर्टांचा निम्मा वेळ याच खटल्यांत जातो. जगातल्या बाकी सगळ्या देशांनी ही फी कधीच बंद केली, भारतात तर असला जुलूम नव्हताच. नेटफ्लिक्ससारखे ज्याला हवं त्याच्याकडून पैसे घ्या. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ही फी कायद्याने माफ आहे. आलेली पत्रं फाडून टाका.’

शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण मावशीला गोत्यात आणलं ते त्या ओळीनेच.

अशी माफी एके काळी खरोखर होती. नोव्हेंबर २००० पासून ७५ वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, लायसन्स फुकट मिळायचं आणि त्याचे पैसे सरकार बीबीसीला भरून द्यायचं. २०१५ मध्ये सरकारने हा खर्च बीबीसीच्या गळ्यात टाकायचं ठरवलं. बीबीसीने हिशेब मांडला, तर २०२१-२२ पर्यंत वर्षाला ७४.५ कोटी पौंड लागणार होते. तिच्या एकूण बजेटचा हा जवळपास पाचवा हिस्सा. बरीच ओढाताण होऊन १ ऑगस्ट २०२० पासून सरसकट माफी संपली. आता ७५ वर्षांवरच्यांपैकी फक्त पेन्शन क्रेडिट मिळणाऱ्यांना लायसन्स फुकट आहे. पेन्शन क्रेडिट म्हणजे अगदी कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी भर. मावशीला सरकारी पेन्शन आहे, शिवाय नोकरीचीही आहे. ती त्यात बसत नाही.

म्हणजे जुलै २०२० पर्यंत खरी असलेली गोष्ट कोणीतरी उचलली, तिच्यावरची तारीख काढून टाकली आणि ज्यांना तपासून बघणं सगळ्यात जड जातं अशाच माणसांच्या हातात दिली. मला राग येतो तो याचा. फी चांगली की वाईट यावर वाटेल तेवढं भांडा. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला ‘पत्रं फाडून टाका’ असं सांगणाऱ्याला त्या पत्रांनंतर काय येतं याची फिकीर नसते. मेसेज पुढे ढकलणारा पुण्यात किंवा दुबईत निवांत असतो. दंड भरायची वेळ येते ती मावशीवर.

ज्यांना पेन्शन क्रेडिट मिळतं त्यांच्यासाठीही एक गोष्ट सांगते. फुकटचं लायसन्स आपोआप घरी येत नाही, अर्ज करावा लागतो. आणि दृष्टी फार अधू असेल तर निम्मी फी माफ होते, वय काहीही असो. खऱ्या सवलती मुख्यतः या आहेत. त्या मेसेजमध्ये यातली एकही नाही.

आता तुरुंग आणि कोर्ट. लायसन्स नसल्याबद्दल कोणालाही तुरुंगात टाकत नाहीत. २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या ३६३ व्या कलमाखाली हा गुन्हा आहे आणि इंग्लंडमध्ये त्याला जास्तीत जास्त १,००० पौंड दंड आहे. कोर्टाने केलेला दंड ऐपत असून मुद्दाम बुडवला, तर पुढे तुरुंगाचा प्रश्न येतो. तो कुठल्याही दंडाबाबत येतो. निम्म्या वेळाचं म्हणाल तर ब्रिटिश सरकारनेच डेव्हिड पेरी या नामांकित वकिलाकडून या सगळ्या व्यवस्थेची चौकशी करवली होती. जुलै २०१५ मध्ये तो अहवाल आला. पेरींनी मोजलेला आकडा असा की मॅजिस्ट्रेट कोर्टांचा जेमतेम ०.३ टक्के वेळ या खटल्यांत जातो. निम्मा कुठे आणि ०.३ टक्के कुठे! खटल्यांची संख्या मोठी दिसते, कारण ते गठ्ठ्याने, मिनिटा-दोन मिनिटांत निकालात निघतात.

पण याच ठिकाणी मला एक गोष्ट कबूल करावी लागते, आणि ती मला मुळीच सुखाची नाही. शिक्षा होणाऱ्यांत दहापैकी सातहून अधिक बायका असतात. दिवसा दार उघडायला घरात त्याच असतात, एकटीने मुलं वाढवणाऱ्या घरांतही त्याच, आणि तंगीही तिथेच जास्त. पेरींना मुद्दाम भेदभाव केल्याचा पुरावा सापडला नाही आणि फौजदारी तरतूद तूर्त ठेवावी असं त्यांनी सुचवलं. त्यांचा आकडा मी वापरते, पण ही सूचना मला पटत नाही. विजेचं बिल थकलं म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, मग टीव्हीच्या फीसाठी का ठरावं? शिवाय फी श्रीमंताला आणि मोलकरणीला एकच आहे. एप्रिल २०२५ मध्ये ती वर्षाला १७४.५० पौंड झाली. ही आकारणी न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही.

बीबीसी न बघणाऱ्यालाही भरावी लागते, हे अर्धं खरं आहे. कुठलंही चॅनेल लाइव्ह बघत असाल, मग ती भारतातली मराठी वृत्तवाहिनी का असेना आणि मोबाइलवर का असेना, लायसन्स हवं. बीबीसी आयप्लेअरवर काहीही बघायचं असेल तरी हवं. पण नुसतं नेटफ्लिक्सवरचे सिनेमे आणि यूट्यूबवरचे आधी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ बघणाऱ्याला नको. तसं कळवण्याची सोय आहे, पत्र फाडायची गरज नाही. दारात आलेल्या माणसाला वॉरंट नसेल तर घरात घ्यायचीही सक्ती नाही. नुसता रेडिओ ऐकायला १९७१ पासून लायसन्स लागत नाही.

‘सगळ्या जगाने बंद केली’ हेही तसंच. फ्रान्सने २०२२ मध्ये १३८ युरोची फी रद्द केली आणि त्याऐवजी व्हॅटमधला हिस्सा द्यायला सुरुवात केली. पैसे लोकांचेच, खिसा दुसरा. फिनलंडने २०१३ मध्ये आणि स्वीडनने २०१९ मध्ये फीच्या जागी उत्पन्नावर बेतलेला वेगळा कर आणला. मला विचाराल तर ब्रिटनने बघावं ते तिकडे. जर्मनीत २०१३ पासून घरटी वर्गणी आहे, टीव्ही असो वा नसो. स्वित्झर्लंडमध्ये ४ मार्च २०१८ ला थेट सार्वमत झालं, फी रद्द करायची का? ७१.६ टक्के लोकांनी नाही म्हणून सांगितलं.

भारतात असलं काही नव्हतं, हे लिहिणारा बहुधा नव्वदनंतर जन्मलेला असावा. आमच्या घरी कपाटात रेडिओच्या लायसन्सचं पासबुकासारखं पुस्तक होतं. वडील दरवर्षी पोस्टात रांग लावून पैसे भरायचे आणि त्यावर तिकीट चिकटवून आणायचे. रेडिओचे १५ रुपये, टीव्हीचे ५०. तपासायला इन्स्पेक्टर यायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते बंद झालं आणि सगळ्यांना बरं वाटलं. पण त्यानंतर आकाशवाणी आणि दूरदर्शनचा खर्च कोणाकडून यायला लागला? सरकारी तिजोरीतून आणि जाहिरातींतून. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला, अंमलात यायला १९९७ उजाडलं, आणि आजही तिथल्या पगारांसाठी दिल्लीच्या अनुदानाकडे बघावं लागतं. केंद्रात कोणत्याही पक्षाचं सरकार असो, संध्याकाळच्या बातम्यांत आधी कोण दिसतं हे आपण आयुष्यभर बघत आलो आहोत.

बीबीसी यातून पूर्ण सुटलेली आहे असं नाही. फीचा आकडा सरकारच ठरवतं. २०२२ मध्ये तो दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठवला आणि महागाईत बीबीसीचं कंबरडं मोडलं. गोळा झालेली फीसुद्धा आधी सरकारी खात्यात जाते आणि मग बीबीसीला मिळते, त्यामुळे मेसेजमधला ‘सरकारला खंडणी’ यातला ‘सरकारला’ हा शब्द कागदोपत्री चूक नाही. तरीही घराघरातून त्याच कामासाठी घेतलेला पैसा आणि मंत्र्याने दरवर्षी मर्जीने सोडलेलं अनुदान यांत फरक आहे. पहिल्यावर प्रेक्षक हक्क सांगू शकतो.

उरला नेटफ्लिक्सचा मुद्दा, आणि त्याचं उत्तर मावशीच्या गावातच आहे. बीबीसीचं सगळ्यात पहिलं स्थानिक रेडिओ केंद्र लेस्टरचं, ८ नोव्हेंबर १९६७ चं. सत्तरच्या दशकात युगांडातून हाकलले गेलेले हजारो भारतीय वंशाचे लोक या गावात आले. गावात त्यांच्याविरुद्ध बरंच वातावरण होतं. रेडिओ लेस्टरने १९७६ मध्ये त्यांच्यासाठी कार्यक्रम सुरू केला आणि त्यातूनच वाढत वाढत एशियन नेटवर्क हे बीबीसीचं रेडिओ केंद्र उभं राहिलं. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली ती माणसं वर्गणी भरून रेडिओ घेणार होती का? ग्राहक मोजून धंदा करणाऱ्या कंपनीने हा कार्यक्रम सुरूच केला नसता. नर्सेसच्या वसतिगृहात राहणारी मावशी तो ऐकायची, कारण दिवसभरात हिंदी शब्द कानावर पडायचा तो तेवढाच. तांत्रिक बाजूही आहेच. अँटेनावर फुकट दिसणारी चॅनेलं कुलपाखाली घालायची सोय तिथल्या बहुतेक टीव्हींत नाही आणि रेडिओला तर कुलूप लागतच नाही.

बीबीसीची सध्याची सनद, म्हणजे ती ज्याच्या आधारावर चालते तो शाही दस्तऐवज, ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. तोवर असे मेसेज वाढतच जाणार.

मावशीबरोबर व्हिडिओ कॉलवर बसून आम्ही लायसन्स पुन्हा सुरू केलं आणि महिन्याचा हप्ता बांधून घेतला. मग तिने ग्रुपवर स्वतः लिहिलं: “मी ७८ वर्षांची आहे आणि मला फी माफ नाही. कोणी हप्ता बंद केला असेल तर मला फोन करा.” त्या रात्री तिला चार फोन आले. चौघीही पंच्याहत्तरीच्या पुढच्या.