दुप्पट खोल्या सांगून भाव निम्मा होत नाही

‘परिषद भरवताय? हॉटेलवाल्याला खोल्या दुप्पट सांगा, भाव निम्मा होतो. नंतर कमी केल्या तरी कोणी विचारत नाही.’ महिनाभर हा मेसेज फिरतोय. सोबत आणखी तीन सल्ले: लेखी काही नको, ॲपवरचा दर दाखवून दाबा, बिल न घेता 18 टक्के जीएसटी वाचवा. माझा भाचा छत्रपती संभाजीनगरात इंजिनिअरिंगच्या परिषदेला येणाऱ्यांची राहण्याची सोय बघतोय. हे खरं मानून त्याने 100 ऐवजी 200 खोल्यांचं पत्र लिहून ठेवलं होतं.

कोणी विचारत नाही म्हणे! मोठ्या हॉटेलच्या करारात किमान खोल्यांची हमी लिहून घेतात. 200 खोल्या, 3 रात्री, म्हणजे 600. हमी 80 टक्क्यांची असेल तर 480 चे पैसे द्यावेच लागतात. माणसं आली 100 खोल्यांपुरती, म्हणजे वापर 300. उरलेल्या 180 चे, 3,000 रुपये दराने, 5,40,000 रुपये. हे कोण भरणार? पोरांच्या नोंदणी शुल्कातूनच जाणार ना? शिवाय तुमच्यासाठी खोल्या अडवून हॉटेलने बाकीची गिऱ्हाइकं परत पाठवलेली असतात. पुढच्या वर्षी कुठल्या तोंडाने जाल?

खोल्या जास्त घेतल्या की दर उतरतो, एवढं मान्य. पण हॉटेल रिकामं असेल तरच. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई, त्यात वेरूळ-अजिंठ्याचा हंगाम. डिसेंबरात हॉटेलचा मॅनेजर दर कशाला उतरवेल? चातुर्मासात आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी विचारून बघा, तोच मॅनेजर स्वतःहून हॉलचं भाडं सोडायची भाषा करतो.

जीएसटीचं तर साफ चूक आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे, आधी 12 होता. 18 टक्के त्यावरच्या खोल्यांना. म्हणजे 3,000 च्या खोलीवर वाचणार 150 रुपये, आणि बिलच नसेल तर बाहेरगावच्या प्राध्यापकांना त्यांचं कॉलेज राहण्याचा खर्च कशावर देणार?

ॲपवरचा दर दाखवा की, पण तो दोन-चार खोल्यांचा असतो, नाश्ता धरून आहे का तेही बघा. आणि तोंडी ठरलेलं मॅनेजर बदलला की संपलं.

भाच्याने काल पत्र बदललं. 90 खोल्या पक्क्या, 20 राखीव, दोघांत एक खोली, नाश्ता दरातच, आणि 30 दिवस आधीपर्यंत दंड न भरता खोल्या कमी करायची मुभा.